विंध्यवनात हरवलेली बहीण

हिंदी चित्रपट पाहणाऱ्याला ताटातूट झालेल्या भावंडांची गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. १९६५ च्या 'वक्त'मध्ये भूकंपाने एक भरले घर विखुरले, १९७३ च्या 'यादों की बारात'मध्ये खुन्याच्या गोळीने. भाऊ तीन दिशांना फेकले जातात, निरनिराळ्या घरी वाढतात, समोरासमोर येऊनही एकमेकांना ओळखत नाहीत आणि पडद्यासमोर बसलेल्या सबंध कुटुंबाचा जीव टांगणीला लागतो. अरे, तो तुझाच भाऊ आहे, असे ओरडून सांगावेसे वाटते. समीक्षक त्यातल्या योगायोगांना हसतात. हसोत बापडे. रुमाल ओला व्हायचा तो होतोच.

अशा गोष्टी लेखकाच्या डोक्यातून निघतात, असे आपण धरून चालतो. पण चौदाशे वर्षांपूर्वी आपल्या देशात अशी एक गोष्ट खरोखर घडून गेली. तिच्यात विश्वासघात आहे, खून आहे, बंदिवास आहे, अंधारात कोणीतरी केलेली सुटका आहे, अरण्यातला शोध आहे आणि अगदी शेवटच्या क्षणी पोचलेला भाऊ आहे. शिवाय त्या भावाला प्रत्यक्ष ओळखणाऱ्या माणसाने ती लिहून ठेवली आहे. लेखक बाणभट्ट, ग्रंथ 'हर्षचरित'. सम्राट हर्षवर्धन आपल्याला शाळेत भेटतो तो दानशूर राजा म्हणून, ह्युएनत्संगाचा यजमान म्हणून, आणि ज्याला दुसऱ्या पुलकेशीने दक्षिणेत येऊ दिले नाही तो उत्तरेचा स्वामी म्हणून. परीक्षेत त्याच्यावर एक टीप लिहिली की ओळख संपली. आईबाप गेलेले, थोरला भाऊ मारला गेलेला, आणि जेमतेम सोळाव्या वर्षी सगळे सैन्य दुसऱ्याच्या हवाली करून धाकट्या बहिणीला शोधत रानोमाळ भटकणारा हर्ष त्या टिपेत मावत नाही.

हे घर होते स्थाण्वीश्वरचे. आजचे हरियाणातले ठाणेसर, कुरुक्षेत्राला लागूनच. राजा प्रभाकरवर्धन, राणी यशोवती आणि तीन मुले. थोरला राज्यवर्धन, मधला हर्ष, धाकटी राज्यश्री. बाणभट्ट फार अवघड लिहितो अशी त्याची ख्याती आहे आणि ती खोटी नाही. त्याचे एकेक वाक्य पानभर चालते. पण मुलांच्या वयातले अंतर सांगताना तो चटकन घरगुती होतो. राज्यश्रीच्या वेळी राणीला दिवस गेले तेव्हा राज्यवर्धनाला सहावे लागत होते आणि हर्ष दाईचे बोट धरून पाचसहा पावले टाकीत होता, एवढेच तो सांगतो. वर्षांचा हिशेब देण्यापेक्षा हे किती बरे! त्याच सुमारास राणीच्या भावाचा आठ वर्षांचा मुलगा भंडी या मुलांचा सोबती म्हणून वाड्यात राहायला आला. हा मामेभाऊ पुढे गोष्टीत महत्त्वाचा आहे.

राज्यश्री मोठी होऊ लागली तसा बापाच्या जिवाला घोर लागला. पोटच्या पोरी वाढवायच्या आणि परक्यांनी येऊन न्यायच्या, हे दुःख तो राणीजवळ बोलून दाखवतो. कनौजच्या मौखरी घराण्यातला ग्रहवर्मा हा जावई ठरला आणि वाड्यात लगीनघाई उडाली. रंगारी, सुतार, सोनार, मातीचे मासे-कासवे-नारळ घडवणारे कारागीर यांच्या वर्दळीचे वर्णन बाणाने पोट भरून केले आहे. वाचणाऱ्याला पुढचे ठाऊक असते, म्हणून ती सगळी शोभा वाचताना पोटात कालवते.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षाच्या आत सारे कोसळले, असे मानायला हरकत नाही. हूणांवर चालून जाण्यासाठी राजाने राज्यवर्धनाला उत्तरेकडे पाठवले. हर्षही थोडा पुढेपर्यंत गेला आणि हिमालयाच्या पायथ्याशी शिकारीसाठी रेंगाळला. एका रात्री त्याला स्वप्न पडले. वणव्यात एक सिंह जळतो आहे आणि सिंहीण आपली पिल्ले तशीच टाकून त्या आगीत उडी घेते आहे. दुसऱ्या दिवशी कुरंगक नावाचा जासूद निरोप घेऊन आला, महाराजांना दाहज्वर झाला आहे. हर्ष अन्नाला न शिवता घोड्यावरून निघाला. राजधानीत शिरताच त्याला बाजारात यमपट दाखवणारा एक माणूस दिसला. भोवती पोरांचा घोळका आणि हातातल्या चित्रात रेड्यावर बसलेला यम. आपल्याकडे सिंधुदुर्गात पिंगुळीचे चित्रकथी चित्रे दाखवून रामायणातल्या कथा सांगतात, त्यांचाच हा दूरचा पूर्वज म्हणायचा. रहस्यकथेचे लेखक वाचकाला आधीच्या खुणा पेरून ठेवतात त्या याच.

वाड्यात सगळे कुजबुजत बोलत होते. रसायन नावाचा अठरा वर्षांचा वैद्य होता, घरातच वाढलेला. राजा वाचणार नाही हे त्याला कळले होते, पण हर्षाला ते सांगण्यापेक्षा त्याने स्वतःला आगीत लोटून दिले. आणि मग आईची बातमी आली. राजा अजून जिवंत होता, श्वास चालू होता, पण विधवा होऊन जगायचे नाही म्हणून यशोवती आधीच निघाली होती. हर्षाने तिचे पाय धरले, तूही मला टाकून जाणार का म्हणून विनवले. आईने त्याला उठवले, डोळे पुसले, समजावले आणि सरस्वतीच्या काठी जाऊन ती अग्नीत शिरली. त्यानंतर थोड्याच वेळात बापानेही प्राण सोडला.

हा प्रसंग पूर्वीच्या वाचकांनी पतिव्रतेचा महिमा म्हणून वाचला असेल. आज तो तसा वाचवत नाही, वाचूही नये. १८२९ साली बंगाल इलाख्यात सतीवर कायद्याने बंदी आली, तरी १९८७ साली राजस्थानातल्या देवराळ्यात चिता पेटलीच. नवल असे की खुद्द बाणाला या प्रकाराविषयी काय वाटत होते ते त्याने दुसरीकडे लिहून ठेवले आहे. 'कादंबरी'त त्याचा नायक चंद्रापीड महाश्वेतेला सांगतो की गेलेल्या माणसामागून जीव देणे निव्वळ निष्फळ आहे, तो अडाण्यांचा मार्ग आहे, त्याने मेलेल्याचे काहीच भले होत नाही. सातव्या शतकातल्या दरबारी लेखकाने हे लिहावे! म्हणूनच हर्षचरितातल्या आईच्या चितेकडे तो कोणत्या नजरेने पाहत असेल, असा विचार मनात येतो. भरजरी शब्दांच्या त्या गर्दीत लक्षात राहतो तो आईचे पाय धरून बसलेला मुलगा, ज्याच्याने आई अडवली गेली नाही.

राज्यवर्धन परतला तो अंगावर जखमांच्या पट्ट्या बांधलेला. दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. थोरल्याचे मन इतके विटले होते की त्याने राज्य हर्षाला देऊन वनात जायचे ठरवले. तेवढ्यात राज्यश्रीचा सेवक संवादक ऊर बडवीत आत आला. प्रभाकरवर्धन गेल्याची वार्ता पसरली त्याच दिवशी माळव्याच्या राजाने कनौजवर झडप घालून ग्रहवर्म्याला ठार केले होते. राज्यश्री कैदेत होती. चोराच्या बायकोसारख्या तिच्या पायांत लोखंडी बेड्या घातल्या होत्या.

वैराग्य तिथल्या तिथे गळून पडले. राज्यवर्धन भंडीला आणि दहा हजार घोडेस्वारांना घेऊन निघाला. हर्ष बरोबर यायला निघाला तर त्याला थांबवले. एका हरणासाठी सिंहांचा कळप कशाला, अशा अर्थाचे काहीतरी थोरला बोलला. मोठे भाऊ असेच बोलतात. धाकट्याला घरी ठेवायचे असते, आणि खरे कारण सांगायचे नसते. घरात आता कर्ता म्हणून एकच उरला असता, हे दोघांनाही कळत होते.

हर्षाला पुन्हा वाईट स्वप्न पडले, आभाळाला भिडलेला लोखंडी खांब मोडून पडताना दिसला. मग कुंतल नावाचा घोडदळाचा अधिकारी आला. राज्यवर्धनाने माळव्याचे सैन्य सहज लोळवले होते. पण गौड देशाच्या राजाने खोटा विश्वास दाखवला, आणि नि:शस्त्र, एकट्या राज्यवर्धनाला आपल्या घरात ठार केले.

इथे इतिहासाचे अभ्यासक थांबतात आणि एकमेकांशी भांडू लागतात. मजा अशी की या खुनाचे तीन साक्षीदार आहेत आणि तिघांची जबानी थोडी वेगळी आहे. बाण सांगतो तो विश्वासघात. ह्युएनत्संग सांगतो की शशांकाला शेजारी चांगला राजा असणे धोक्याचे वाटत होते, म्हणून भेटीला बोलावून त्याने काटा काढला. तिसरा साक्षीदार खुद्द हर्ष. उत्तर प्रदेशात शाहजहानपूरजवळ बांसखेडा येथे सापडलेल्या, इ. स. ६२८ च्या ताम्रपटावर त्याच्या स्वतःच्या वळणदार अक्षरातली सही आहे. त्यात तो म्हणतो की भावाने देवगुप्त वगैरे राजांना जिंकले आणि सत्याला जागून शत्रूच्या घरी प्राण दिले. मारेकऱ्याचे नाव नाही. शंकर नावाचा एक टीकाकार मात्र पुरवणी जोडतो की शशांकाने मुलगी देण्याचे आमिष दाखवले होते. काही बंगाली इतिहासकारांना विश्वासघाताची ही कथा पटत नाही, शशांक हा त्यांच्या भूमीचा पराक्रमी राजा. त्यांचे म्हणणे आपल्या जागी ठेवू. पण दिलेल्या शब्दासाठी एकटाच शत्रूच्या दारी गेलेला माणूस, एवढे तिन्ही जबान्यांतून दिसतेच.

हर्षाने प्रतिज्ञा केली. थोड्याच दिवसांत गौडांचा निःपात केला नाही तर पतंगासारखी आगीत उडी घेईन. पुन्हा आग! या घराला जणू दुसरा मार्गच माहीत नव्हता. आई आगीत, वैद्य आगीत आणि आता हा. सेनापती सिंहनादाने त्याला चेव आणणारे भाषण केले, पण गजदळाचा प्रमुख स्कंदगुप्त शहाणा होता. बेसावध राहून, विश्वास टाकून कोणकोणते राजे कसकसे मारले गेले याची लांबलचक यादीच त्याने हर्षापुढे मांडली. तुमच्या घराण्यात भोळेपणा फार, असे त्याला सरळ सांगता येत नव्हते.

सैन्य निघाले. वाटेत कामरूपच्या राजाचा दूत मैत्रीचा प्रस्ताव आणि एक अद्भुत छत्र घेऊन आला. बाण त्या छत्रावर पानेच्या पाने खर्च करतो. त्यानंतर भंडी भेटला. कपडे मळलेले, अंगावर बाणांच्या खुणा, बरोबर माळव्याची लूट. हर्षाने भावाची हकीकत ऐकली आणि विचारले, राज्यश्री कुठे आहे? भंडी म्हणाला, ऐकले ते असे : राज्यवर्धन गेल्यावर गुप्त नावाच्या कोणी कनौज घेतले, आणि राज्यश्री बंदिवासातून निसटून दासींसह विंध्याच्या अरण्यात शिरली. शोधायला पुष्कळ माणसे पाठवली, अजून कोणी परतले नाही.

सगळी कथा इथे एका पावलावर उभी आहे. हर्षापुढे गौडांवर घ्यायचा सूड होता, जगासमोर केलेली प्रतिज्ञा होती, मुदत थोड्या दिवसांची होती आणि चालून निघालेले सैन्य होते. दुसऱ्या बाजूला रानात कुठेतरी एक पोरगी, जिवंत असेल-नसेल. त्याने भंडीला सांगितले, सैन्य घेऊन तू गौडांवर जा. बहिणीचा शोध घ्यायला दुसरी माणसे कशाला, मी स्वतः जातो. दुसऱ्या दिवशी लुटीतले हत्ती-घोडे त्याच्या नजरेखालून घातले गेले, आणि मग तो निघाला. एवढा पराक्रमी राजा, पुढे त्याने किती लढाया जिंकल्या ते इतिहासात आहे. पण एखाद्याला त्याचा मोठेपणा दाखवायचा असेल तर या एका निर्णयापाशी बोट ठेवावे.

अरण्यात तो पुष्कळ दिवस इकडून तिकडे फिरला. विंध्याचे रान तेव्हा भिल्ल-शबरांचे. शरभकेतू नावाच्या तिथल्या सामंताचा मुलगा व्याघ्रकेतू एका तरुण शबराला घेऊन आला. त्याचे नाव निर्घात. रान तळहाताच्या रेषांसारखे ओळखणारा हा माणूस. राजाने त्याला मानाने विचारले. निर्घात म्हणाला, अशी कोणी बाई पाहिल्याचे कानावर नाही, पण जवळच दिवाकरमित्र नावाचा भिक्षू शिष्यांसह राहतो, त्याला माहीत असेल.

हे नाव ऐकताच हर्षाला आठवले, ग्रहवर्म्याचा बालपणीचा मित्र तो हाच. ब्राह्मण घरात जन्मलेला आणि पुढे बौद्ध भिक्षू झालेला. एवढ्या मोठ्या अरण्यात नेमका मेहुण्याचा मित्र भेटावा! इथे हिंदी चित्रपटाच्या समीक्षकांनी हसायला हरकत नाही. पण त्या आश्रमाचे वर्णन वाचताना हसू येत नाही. जैन, वैष्णव, चार्वाकवादी, कपिलाचे आणि कणादाचे अनुयायी असे नाना मतांचे लोक एकाच झाडीत बसून शिकत होते, वाद घालत होते, शंका काढत होते. बौद्ध ग्रंथ ऐकून ऐकून तिथले पोपटही ते बोलू लागले होते, असे बाण सांगतो. ज्या देशात राजे एकमेकांचे जीव घेत होते, त्याच देशातले हे एक झाड.

हर्षाने आपली ओळख दिली, विचारले. दिवाकरमित्राने मान हलवली. अशी बातमी अजून कोणी आणली नव्हती. सगळे संपल्यासारखे झाले, आणि एवढ्यात एक भिक्षू डोळ्यांत पाणी घेऊन धावत आला. महाराज, दुःखाने वेडी झालेली एक तरुण मुलगी जवळच अग्निप्रवेश करायला निघाली आहे, तिचा जीव जायच्या आत चला. नदीकाठी त्याने बायकांचे रडणे ऐकले होते, त्यातल्या एकीने त्याच्यापाशी पदर पसरला होता.

हर्षाने फार प्रश्न विचारले नाहीत. काही तपशील ऐकले, अंग थरथरले आणि तो धावला. झाडीतून आधी बायकांचा आक्रोश कानावर आला. कोणी वनदेवतांना हाका मारत होती, कोणी मेलेल्या राजाराणीला. पुढे चिता पेटलेली, आणि तिच्यासमोर शुद्ध हरपत चाललेली राज्यश्री. हर्षाने तिच्या कपाळावर हात ठेवला.

तो स्पर्श ओळखून तिने डोळे उघडले. स्वप्नात दिसावा तसा अचानक भाऊ समोर. तिने गळ्याला मिठी मारली आणि बापाच्या, आईच्या नावाने टाहो फोडला. दोघेही खूप वेळ रडले. मग त्याने तिला आगीपासून दूर नेऊन एका झाडाखाली बसवले. पाणी आले, त्याने आधी तिचे डोळे धुतले, मग आपले. आईच्या चितेपाशी जो हात कमी पडला होता, तो या वेळी वेळेवर पोचला. बाण हे असे सांगत नाही. पण एकाच पुस्तकात, एकाच मुलाच्या हातून, हे दोन प्रसंग लागोपाठ घडतात, आणि वाचणाऱ्याला ते शेजारी ठेवल्यावाचून राहवत नाही.

बाणाला हे लिहिताना काय होत असेल याचा अंदाज त्याच्याच पुस्तकात आहे. सुरुवातीच्या उच्छ्वासांत तो स्वतःची हकीकत सांगतो. शोण नदीकाठचे प्रीतिकूट हे त्याचे गाव. आई राजदेवी लहानपणीच गेली, बाप चित्रभानूने आईच्या मायेने वाढवले आणि मुलगा चौदा वर्षांचा झाला तेव्हा तोही गेला. मग हे पोर उधळले. गारुडी, जुगारी, नट, गवई अशा भल्याबुऱ्या मित्रांबरोबर मुलूखभर भटकले, इतके की पहिल्या भेटीत हर्षाने त्याला छचोर म्हणून झिडकारले. बाण गावी परतला तेव्हा चुलतभावांनी त्याला घेरले, आणि त्यांतल्या सर्वांत धाकट्या श्यामलाने हर्षाची गोष्ट सांग म्हणून हट्ट धरला. म्हणजे पोरक्या भावंडांची ही कथा एका पोरक्या माणसाने आपल्या भावांच्या घोळक्यात बसून सांगितली. राजस्तुती म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्या पंडितांनी हे विसरू नये. पुढे भारतरत्न झालेल्या पां. वा. काणे यांनी १९१८ साली मुंबईत हर्षचरिताची टिपांसह आवृत्ती काढली, तिच्या आधाराने संस्कृतच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी हे अवघड रान पार केले.

राज्यश्रीची हकीकत हर्षाने दासींकडून ऐकली. गौडांची गडबड उडाली असता गुप्त नावाच्या एका कुलीन तरुणाने तिला कैदेतून बाहेर काढले. बाहेर आल्यावर तिला थोरला भाऊ गेल्याचे कळले, तिने अन्न सोडले, आणि रानात भटकून थकल्यावर हे ठरवले. हा गुप्त कोण? कनौज घेणारा गुप्त आणि कैद्याचे दार उघडणारा गुप्त एकच, की दोन? बाण एक ओळ लिहून पुढे जातो. रहस्यकथेच्या लेखकाने असे केले असते तर वाचकांनी संपादकाला पत्रे पाठवली असती.

बाणाविरुद्ध तक्रार करण्यासारखी दुसरीही एक गोष्ट आहे. राज्यश्री त्याच्या पुस्तकात जवळजवळ बोलतच नाही. आता पुढे काय, हे ती भावाला सांगते तेही पत्रलता नावाच्या दासीच्या तोंडून. नवरा नाही, मूल नाही, मला काषाय वस्त्रे घेण्याची परवानगी द्या. हर्ष गप्प राहिला. दिवाकरमित्राने तिला मायेने समजावले, की भाऊ सांगेल तसे कर. तेव्हा हर्ष बोलला. मी बाहू उभारून प्रतिज्ञा केली आहे. ती पुरी होईपर्यंत आणि रयतेचे अश्रू पुसेपर्यंत ही माझ्याजवळ राहू दे. आचार्यांनी तिला धर्म सांगावा, धीर द्यावा. काम झाले की ती आणि मी, दोघेही बरोबरच काषाय घेऊ.

त्याने तिला नाही म्हटले नाही. नुसते थांब म्हटले, आणि स्वतःलाही त्याच अटीत बांधून घेतले. आदल्या प्रतिज्ञेत शेवटी आग होती, या दुसऱ्या वचनात वस्त्र होते. तिला त्याने आगीतून ओढले हे उघड दिसते. त्याला कोणी ओढले, हे शोधावे लागते.

दिवाकरमित्राने हर्षाला मंदाकिनी नावाचा मोत्यांचा एकसर दिला. तो विषावर उतारा होता. त्याची कुळकथा आपल्या पैठणपर्यंत पोचते. नागार्जुनाला तो पाताळात नागांकडून मिळाला आणि त्याने आपल्या मित्राला, तीन समुद्रांच्या स्वामी सातवाहन राजाला दिला, असे भिक्षू सांगतो. मोती कसे झाले तर तारेच्या विरहात चंद्राने ढाळलेल्या आसवांचे. मग भावंडे गंगेकाठच्या छावणीत आली. संध्याकाळ झाली, चंद्र उगवला, आणि तिथेच हर्षचरित संपते. गौडांचे काय झाले, प्रतिज्ञेचे काय झाले, काहीच नाही.

ते इतरांकडून कळते. 'थोड्या दिवसांची' प्रतिज्ञा पुरी झाली नाही. इ. स. ६१९ च्या गंजाम ताम्रपटात शशांक अजून महाराजाधिराज म्हणून मिरवतो आहे, म्हणजे खुनानंतर तेरा वर्षे. हर्षाने आगीत उडी घेतली नाही. कनौज आणि ठाणेसर त्याच्या हाती एकत्र आली, आणि एक चिनी ग्रंथ सांगतो की तो विधवा बहिणीच्या साथीने राज्याचा कारभार पाहत असे. ६३४ च्या ऐहोळेच्या शिलालेखात रविकीर्तीने पुलकेशीच्या विजयाचा डंका वाजवला आणि हर्षाचा हर्ष मावळल्याची कोटी केली, ती दक्षिणेकडच्या वाचकाला आवडतेच.

ह्युएनत्संग ६४२-४३ च्या सुमारास हर्षाच्या छावणीत आला तेव्हा महायानाचे विवेचन ऐकायला राजाच्या मागे त्याची बहीण बसली होती. ती बौद्धांच्या संमितीय पंथाच्या शास्त्रात निपुण होती आणि विवेचन ऐकून खूश झाली, अशी नोंद त्याच्या चरित्रकाराने केली आहे. रानातल्या त्या दिवसाला तेव्हा छत्तीस-सदतीस वर्षे झाली होती. काषाय घेण्याचा दिवस काही उगवला नव्हता. कारभार संपतच नव्हता, हर्ष ६४७ पर्यंत राजाच राहिला.

पण दर पाच वर्षांनी प्रयागला गंगा-यमुनेच्या संगमावर तो मोठा दानसोहळा भरवीत असे. ह्युएनत्संगाने पाहिला तो सहावा, पंचाहत्तर दिवस चाललेला. भिक्षू, ब्राह्मण, जैन, गोरगरीब, अनाथ अशा सगळ्यांना वाटता वाटता पाच वर्षांचा खजिना रिता झाला. हत्ती, घोडे आणि शस्त्रे तेवढी राज्य राखायला ठेवली. मग हर्षाने अंगावरचे दागिने दिले, मुकुटातले रत्न दिले, कपडेही दिले. काही उरले नाही तेव्हा त्याने बहिणीकडे एक जुने, वापरलेले वस्त्र मागितले. राज्यश्रीने ते दिले. ते नेसून त्याने दहा दिशांच्या बुद्धांना हात जोडले.